परदेशात माल विकायला लोकल एजंट की डिस्ट्रिब्युटर: दोन्ही वापरल्यावरचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच निघू शकतील. एजंट 4 स्टार, डिस्ट्रिब्युटर 3 स्टार, आणि "अख्खा प्रदेश माझ्या नावावर करा, मी बघतो सगळं" म्हणणारा मास्टर डिस्ट्रिब्युटर 1 स्टार, तोही फोन उचलतो म्हणून. बाकीच्यांनी बसा, जरा लांबण लागणार आहे.

आम्ही डोसिंग पंप बनवतो. पाण्यात क्लोरीन किंवा बॉयलरच्या पाण्यात केमिकल मोजून मापून सोडायला लागतो ना, तो छोटा पंप. वस्तू लहान आहे पण एकदा विकली आणि विसरलो असं होत नाही, डायाफ्राम, व्हॉल्व्ह, सील हे सगळं अधूनमधून बदलावं लागतं आणि खरा नफा त्या स्पेअरमध्येच असतो. त्यामुळे हा रिव्ह्यू इंडस्ट्रियल मालाच्या बाजूने झुकलेला आहे हे धरून चाला, टी-शर्ट किंवा सॉफ्टवेअर विकणाऱ्याचा अनुभव वेगळा असू शकतो.

आधी एक गोष्ट क्लिअर करू, कारण भले भले लोक हे दोन शब्द एकाच अर्थाने फेकतात आणि मग कराराच्या वेळी भांडतात. एजंट तुमचा माल विकत घेत नाही. तो गिऱ्हाईक शोधतो, बोलणी करतो, ऑर्डर आणतो, बिल तुम्ही थेट गिऱ्हाइकाच्या नावाने काढता, पैसे तुमच्याकडे येतात आणि एजंटला कमिशन मिळतं. डिस्ट्रिब्युटर मात्र माल स्वतःच्या पैशाने विकत घेतो, स्वतःच्या गोदामात ठेवतो, स्वतःच्या भावाने विकतो, बुडाला तर त्याचा तो बुडाला. म्हणजे एजंटच्या केसमध्ये शेवटच्या गिऱ्हाइकाचं नाव तुमच्या बिलावर असतं, आणि डिस्ट्रिब्युटरच्या केसमध्ये तुमचं गिऱ्हाईक म्हणजे तो डिस्ट्रिब्युटरच, त्याच्या गेटच्या पलीकडे कोण आहे ते त्याने सांगितलं तरच कळणार. माझ्या मते सगळा रिव्ह्यू या एका गोष्टीवर उभा आहे, गिऱ्हाईक कोणाच्या वहीत आहे? कमिशनचा टक्का, मार्जिन, टेरिटरी हे सगळं नंतरचं.

एजंटला 4 स्टार का ते सांगतो. युरोपात आमचा जो एजंट आहे त्याच्याबरोबर एकदा एका पेपर मिलच्या मेंटेनन्स रूममध्ये गेलो होतो. तिथल्या इंजिनिअरने आमच्याशी धड हॅलो पण नाही केलं, सरळ टेबलाचा खालचा ड्रॉवर ओढला आणि प्लास्टिकच्या पिशव्या काढून समोर मांडल्या. प्रत्येक पिशवीत कडक होऊन चिरलेली सील, आणि पिशवीवर मार्करने तारीख आणि पंपाचा नंबर. दुसऱ्या कंपनीचा पंप होता तो. मी असतो तर लगेच आपला कॅटलॉग उघडला असता, पण आमच्या एजंटने पहिला प्रश्न विचारला की केमिकल कुठलं वापरता, किती टक्क्याचं, आणि टाकी उन्हात आहे का सावलीत. सोडियम हायपोक्लोराइट निघालं. नायट्राइल रबराचं सील हायपोक्लोराइटपुढे टिकत नाही, हे रबरवाल्याला विचारलं तर तोही सांगेल, पण मिलला ते कोणी सांगितलंच नव्हतं कारण पंप विकणाऱ्याला आत काय वाहतंय ते माहीतच नव्हतं. बाहेर आल्यावर गाडीत बसूनच त्याने मला यादी दिली, सील कुठल्या मटेरियलचं द्यायचं, त्याच भागात हेच केमिकल वापरणारे अजून कोण कोण आहेत, आणि कोणाकडे जायचंच नाही कारण ते पैसे लटकवतात. त्या एका भेटीनंतर त्या देशासाठीचं आमचं स्टँडर्ड मॉडेलच बदललं.

आता हीच तक्रार डिस्ट्रिब्युटरकडून कशी येते बघा: "5 पंप डिफेक्टिव्ह, क्रेडिट नोट पाठवा." संपलं. कुठे लावले, कशासाठी लावले, कोणी लावले, काही नाही. विचारलं की म्हणतो कस्टमर कॉन्फिडेन्शियल आहे. अरे बाबा, पंप माझा, नावाची पाटी माझी, शिव्या मला, आणि गिऱ्हाईक तेवढं कॉन्फिडेन्शियल!

एजंटचा एक स्टार का कापला तेही ऐका. त्याच्याकडे स्टॉक नसतो. गिऱ्हाइकाचा पंप आज बंद पडला तर त्याला सील उद्या पाहिजे, जहाजाने येईपर्यंत तो थांबत नाही, दुसऱ्याचा पंप लावून मोकळा होतो. शिवाय इम्पोर्टची कटकट गिऱ्हाइकाच्या अंगावर येते, कस्टम, ड्यूटी, व्हॅट, मोठी मिल हे करते पण छोटा बॉटलिंग प्लांटवाला तेवढ्यासाठी तुमच्या नादी लागत नाही. आणि उधारी तुमची. गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर एजंटचं फक्त कमिशन गेलं, तुमचा मालच गेला. याच्यावर जुना उपाय म्हणजे डेल क्रेडेरे एजंट, म्हणजे जरा जास्त कमिशन घेऊन तो गिऱ्हाइकाच्या पैशाची हमी घेतो. ऐकायला छान वाटतं पण हमी घेणाऱ्याची स्वतःची ऐपत किती हे आधी बघा, नाहीतर बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. मोठ्या ऑर्डरला एक्सपोर्ट क्रेडिट इन्शुरन्स (परदेशी गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर भरून देणारा विमा) किंवा सरळ एलसी (गिऱ्हाइकाच्या बँकेची पैशाची हमी), हेच बरं.

अजून एक किडा, टॅक्सचा. एजंट तुमच्या वतीने नेहमी करार फायनल करत असेल तर त्या देशाचं टॅक्स खातं म्हणू शकतं की तुमचं इथे कायमचं ऑफिसच आहे, भरा टॅक्स. ओईसीडी म्हणजे मुख्यतः विकसित देशांची संघटना, तिच्या मॉडेल टॅक्स करारात (ज्या नमुन्यावरून देश आपापसातले टॅक्स करार बनवतात) 2017 साली ही व्याख्या अजून रुंद केली, आता एजंटने सही केली नाही पण सगळं त्यानेच ठरवलं आणि कंपनीने नुसता शिक्का मारला असं नेहमी होत असेल तरी प्रश्न येऊ शकतो. सगळ्या देशांच्या आपापसातल्या करारात ते नवीन वाक्य आलेलं नाही, त्यामुळे ज्या देशात विकताय त्या देशाबरोबरचा करार सीएला उघडायला लावा. आम्ही एजंटला भाव ठरवायचा अधिकारच दिलेला नाही, कोटेशन आमच्याकडून जातं, थोडा वेळ लागतो पण चालतं.

आता सोडचिठ्ठीचा भाग. युरोपात एजंट नेमताना लोक कमिशनवर तासन् तास घासाघीस करतात आणि शेवटच्या पानावर काय आहे ते वाचत नाहीत. युरोपियन युनियनचा 1986 चा कमर्शिअल एजंट डायरेक्टिव्ह आहे, 86/653, म्हणजे सगळ्या सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात आणायचा नियम. त्याच्याखाली मुदत न ठरवलेला करार संपवायला पहिल्या वर्षात कमीत कमी 1 महिना, दुसऱ्या वर्षात 2, तिसऱ्यापासून 3 महिन्यांची नोटीस लागते. ते ठीक आहे. खरी गंमत पुढे आहे: एजंटने नवीन गिऱ्हाइकं आणली असतील किंवा जुन्यांचा धंदा चांगलाच वाढवला असेल, आणि तो गेल्यावरही त्याचा फायदा तुम्हाला मिळत राहणार असेल, तर त्याला मोबदला द्यावा लागतो. जर्मनीसारख्या ठिकाणी त्याची कमाल मर्यादा आहे एक वर्षाचं कमिशन, मागच्या 5 वर्षांच्या सरासरीने काढलेलं. फ्रान्स दुसऱ्या पद्धतीने जातं, नुकसानभरपाईच्या, तिथे कोर्टात साधारण 2 वर्षांचं कमिशन देण्याची रीत पडलेली आहे. एजंटनेच मोठी गडबड केली म्हणून काढला तर हे लागू होत नाही, पण ती गडबड तुम्हाला सिद्ध करावी लागेल.

"मग आम्ही करारात आमच्याच देशाचा कायदा लिहू" असं म्हणणारे भेटतातच. तेही करून झालंय लोकांचं. कॅलिफोर्नियाच्या एका कंपनीने ब्रिटनमधल्या (ब्रिटन तेव्हा युनियनमध्ये होतं) एजंटबरोबरच्या करारात कॅलिफोर्नियाचा कायदा लिहिला होता, इंगमार नावाची केस, सन 2000 मध्ये युरोपियन कोर्टाने सांगितलं की एजंट युरोपियन युनियनमध्ये काम करत असेल तर हे संरक्षण त्याला मिळणारच, कागदावर कायदा कुठलाही असो. त्यामुळे हा खर्च पहिल्या दिवसापासून हिशोबात धरायचा. मला स्वतःला हा कायदा अन्यायाचा वाटत नाही खरं सांगायचं तर. माणसाने दारोदार हिंडून वही भरली, ती वही तुमच्याकडे राहिली, तर त्याचं मोल द्यायला नको? वही फुकट पाहिजे असेल तर स्वतः हिंडा.

डिस्ट्रिब्युटरकडे येऊ. 3 स्टार म्हणजे वाईट नाही हे लक्षात घ्या, आमचा जास्त व्हॉल्यूम त्याच रस्त्याने जातो. तो एकदम कंटेनरभर माल उचलतो, पैसे एका जागेवरून येतात, कस्टम तो बघतो, लोकल भाषेतलं मॅन्युअल तो छापतो, गिऱ्हाइकाकडे त्याचा मेकॅनिक त्याच दिवशी पोचतो. काही ठिकाणी तर स्थानिक कोणीतरी असल्याशिवाय मालच विकता येत नाही. युरोपात सीई मार्कवाल्या (माल तिथल्या नियमांत बसतो असं सांगणारी खूण) बऱ्याच वस्तूंसाठी 16 जुलै 2021 पासून युनियनच्या आतला कोणीतरी जबाबदार पाहिजे, इम्पोर्टर किंवा अधिकृत प्रतिनिधी, ज्याचं नाव-पत्ता मालावर किंवा पॅकिंगवर असतो. डिस्ट्रिब्युटर स्वतः इम्पोर्ट करत असेल तर ते काम तिथेच होऊन जातं.

पैशाचं गणित मात्र कागदावर मांडा. समजा तुमच्या गेटवर मालाची किंमत 100. भाडं, इन्शुरन्स, ड्यूटी मिळून तिथे पोचेपर्यंत 115. डिस्ट्रिब्युटर म्हणाला मला 30 टक्के पाहिजे. कशावर 30? खरेदीवर 30 लावले तर तो विकेल 149.50 ला. पण त्याला विक्रीच्या भावावर 30 टक्के मार्जिन पाहिजे असेल तर तो विकेल 164 च्या आसपास. खाली डीलर असेल आणि त्यालाही असेच 20 टक्के, तर शेवटचा भाव 205. म्हणजे तुमचा 100 चा पंप गिऱ्हाइकाला दुपटीने पडतोय, आणि तिथलाच लोकल पंप समजा 180 ला मिळतोय. हे गणित करार व्हायच्या आधी करायचं, नंतर "तुमचा भाव जास्त आहे हो, सेल होत नाही" ही टेप लागते. ह्या मार्क-अप आणि मार्जिनच्या घोळात मी चांगली अनुभवी माणसं मीटिंगमध्ये गोंधळलेली बघितली आहेत, दोघंही 30 म्हणतायत आणि दोघांच्या डोक्यात वेगळा आकडा.

दोन स्टार कापले ते पुढच्या गोष्टीसाठी. आखातातला एक डिस्ट्रिब्युटर, नाव घेत नाही, दोन वर्षं त्याची खरेदी मस्त होती, आमच्या रिपोर्टमध्ये तो टॉपला. तिथे गेलो तर त्याने एसी शोरूम दाखवली, काचेच्या कपाटात आमचा पंप, वर लाइट वगैरे. मी म्हटलं गोदाम बघू. जरा टाळाटाळ झाली, चहा झाला, परत चहा झाला, मग नेलं. मागच्या भिंतीला लागून आमची खोकी छतापर्यंत, खालच्या थराची खोकी वजनाने दबलेली, बाहेरच्या लेबलवरचा बॅच नंबर पहिल्या कंटेनरचा. वर धूळ. आणि दाराजवळच्या रॅकवर, जिथून माल रोज बाहेर जातो तिथे, दुसऱ्याच कंपनीचा पंप, आमच्याच साइजचा. म्हणजे आम्ही ज्याला सेल समजत होतो ती नुसती आमच्या गोदामातून त्याच्या गोदामात झालेली शिफ्टिंग होती. तो वर्षअखेरीला टार्गेटचा डिस्काउंट गाठायला उचलायचा आणि ठेवून द्यायचा. पंपातलं रबर गोदामाच्या उकाड्यात किती दिवस चांगलं राहतं हा वेगळाच विषय.

ह्यालाच धंद्यात सेल-इन आणि सेल-आउट म्हणतात. सेल-इन म्हणजे त्याने तुमच्याकडून किती घेतलं, सेल-आउट म्हणजे त्याने पुढे किती विकलं. तुमचं अकाउंट फक्त पहिलं दाखवतं. त्यामुळे माझ्या दृष्टीने डिस्ट्रिब्युटरचा दर्जा ठरवायची एकच परीक्षा आहे: तो दर महिन्याला सेल-आउट आणि हातातला स्टॉक कळवतो का. जो कळवतो त्याला मी 2 टक्के मार्जिन जास्त द्यायला तयार आहे आणि देतो सुद्धा. आमचा एक आहे तसा, साधी एक्सेल पाठवतो, मॉडेल, नग, कुठल्या शहरात, कुठल्या इंडस्ट्रीत. गिऱ्हाइकाचं नाव नाही देत, पण एवढ्यावरही पुढच्या सहा महिन्यांचे स्पेअर किती लागतील ते काढता येतं. तो एकटा असता तर ह्या कॅटेगरीला पण 4 दिले असते.

नावं पण मागा की, असं कोणी म्हणेल. मागावीत, पण इथे एक मेख आहे. वर जो डायरेक्टिव्ह सांगितला तो मालविक्रीच्या एजंटसाठी आहे, स्वतः विकत घेणाऱ्या डिस्ट्रिब्युटरसाठी नाही. पण जर्मनीत कोर्टं डिस्ट्रिब्युटरलाही तोच मोबदला देतात, जर तो एजंटसारखा तुमच्या विक्री यंत्रणेत बांधलेला असेल आणि गिऱ्हाइकांची माहिती तुम्हाला द्यायचं त्याच्यावर करारात बंधन असेल. म्हणजे वही मागितली की वहीचे पैसे आले! म्हणून जर्मनीचा करार करताना हे कलम वकिलाला विचारूनच टाका, किंवा जाणूनबुजून टाका आणि पैसे बाजूला काढून ठेवा. आम्ही तिथे इंडस्ट्री आणि शहरावर समाधान मानलंय.

बाकी देशांचे डिस्ट्रिब्युटरचे कायदे म्हणजे एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. बेल्जियममध्ये 1961 पासून कायदा आहे, मुदत न ठरवलेली एक्सक्लुझिव्ह (म्हणजे त्या भागात फक्त त्यालाच माल) डिस्ट्रिब्युटरशिप तोडायची तर वाजवी नोटीस नाहीतर भरपाई. प्वेर्तो रिकोचा (कॅरिबियनमधलं अमेरिकेच्या ताब्यातलं बेट) 1964 चा कायदा 75 तर त्याहून कडक, योग्य कारणाशिवाय डीलर काढताच येत नाही, करारात काहीही लिहिलेलं असलं तरी. आणि युएईमध्ये 1981 च्या एजन्सी कायद्याखाली एकदा का लोकल एजंटची नोंदणी झाली की त्याला काढणं म्हणजे भिजत घोंगडं, मुदत संपली म्हणून तो जात नसे, आणि तोपर्यंत दुसऱ्या कोणामार्फत आलेला माल तो कस्टममध्ये अडवू शकायचा. तिथे 2022 चा नवीन कायदा आलाय, 2023 पासून लागू, त्यात मुदत संपल्यावर करार संपवायची वाट मोकळी केलीये, पण जुन्या नोंदण्यांना त्यात काही वर्षांची सवलत दिली आहे. तिथला करार करताना जुन्या माणसांचे किस्से ऐकून निर्णय घेऊ नका आणि नवीन कायदा आला म्हणून बिनधास्तही होऊ नका.

आता मास्टर डिस्ट्रिब्युटर, म्हणजे चार-पाच देश एकत्र मागणारा. ह्याचं बोलणं नेहमी मोठं असतं. मंत्र्यांबरोबरचे फोटो असतात. पाच देशांपैकी एका देशात त्याचा माणूस असतो, बाकी चार देशात तो दुसऱ्या कोणाला तरी देतो आणि मधलं मार्जिन खातो, म्हणजे वरच्या गणितात अजून एक थर. आणि तुम्हाला शेवटचं गिऱ्हाईक तर सोडाच, त्याचा डीलर कोण हेही कळत नाही. एक देश, एक वर्ष, कमीत कमी खरेदीचा आकडा, आकडा नाही गाठला तर एक्सक्लुझिव्ह आपोआप नॉन-एक्सक्लुझिव्ह, एवढं लिहून द्यायला जो तयार होत नाही त्याला नमस्कार करायचा. एक्सक्लुझिव्ह हा शब्द फार महाग आहे, तो मागणाऱ्याने त्याची किंमत नगात मोजून दिली पाहिजे.

एक्सक्लुझिव्ह दिलं तरी युरोपात दुसऱ्या देशातून तुमचाच माल येणारच नाही अशी हमी देऊ नका, ती देता येत नाही. दुसऱ्याच्या टेरिटरीत जाऊन दारं ठोठावायला बंदी घालता येते, पण गिऱ्हाईक आपणहून आलं तर त्याला नाही म्हणायला लावता येत नाही. आणि डिस्ट्रिब्युटरने कमीत कमी कितीला विकायचं हे तुम्ही ठरवून दिलं तर ती सरळ सरळ स्पर्धा कायद्याची भानगड. 2022 चा युरोपियन नियम, 2022/720, हेच सांगतो, आणि टेरिटरी वाटून द्यायला त्यात जी सूट आहे तीही दोघांचा मार्केट शेअर 30 टक्क्यांच्या आत असेल तरच. ह्या विषयातली सगळ्यात गाजलेली केस ग्रुंडिगची, 1966 ची. जर्मन रेडिओ कंपनीने फ्रान्समध्ये कोन्स्तेन नावाच्या डिस्ट्रिब्युटरला अख्खा देश दिला, बाकीच्यांना तिथे पाठवायला बंदी केली, आणि वरून एक ट्रेडमार्क फ्रान्समध्ये डिस्ट्रिब्युटरच्या नावावर नोंदवू दिला, म्हणजे बाहेरून माल आला की तो कोर्टात जाऊन अडवणार. कोर्टाने तो बंदोबस्त मोडीत काढला.

ट्रेडमार्कवरून आठवलं, हे नवीन लोकांना कळकळीने सांगतो: ब्रँडची नोंदणी त्या देशात स्वतःच्या नावावर, डिस्ट्रिब्युटरशी पहिली मीटिंग व्हायच्या आधी. "मी करून टाकतो साहेब, लोकल माणसाला लवकर होतं" असं तो प्रेमाने म्हणेल, आणि करार संपल्यावर तुमचाच ब्रँड तुम्हाला विकायला बसेल, आयत्या बिळावर नागोबा. पॅरिस कन्व्हेन्शनमध्ये (ट्रेडमार्क-पेटंटचा आंतरराष्ट्रीय करार) अशा परवानगीशिवाय केलेल्या एजंटच्या नोंदणीला विरोध करायचा किंवा ती रद्द करून घ्यायचा हक्क आहे, कलम 6 सेप्टिस, पण तो हक्क वापरायला त्या देशात वकील लावून वर्षं घालवावी लागतात. माद्रिद पद्धतीने, म्हणजे ट्रेडमार्कच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीने, एका अर्जात बरेच देश घेता येतात, त्यासमोर खर्च काहीच नाही. तीच गोष्ट प्रॉडक्ट रजिस्ट्रेशनची. औषधं, मेडिकल उपकरणं, पेस्टिसाइड वाल्यांनो, तुमचं रजिस्ट्रेशन डिस्ट्रिब्युटरच्या नावावर असेल तर माल तुमचा असला तरी बाजार त्याचा आहे, करार संपल्यावर ते ट्रान्सफर करून देईल हे आधीच सही करून घ्या, शक्य असेल तिथे वेगळ्या त्रयस्थ कंपनीच्या नावावर ठेवा.

लाचेचा विषय कोणी रिव्ह्यूत लिहीत नाही म्हणून दोन ओळी लिहितो. सरकारी टेंडर आणून देतो, कमिशन नेहमीच्या तिप्पट, आणि पैसे तिसऱ्याच देशातल्या खात्यात पाठवा असं एजंट म्हणाला की मीटिंग तिथेच संपवा. "एजंटने काय केलं आम्हाला काय माहीत" हे चालत नाही. अमेरिकेचा 1977 चा परदेशी लाचखोरी कायदा आणि ब्रिटनचा 2010 चा कायदा मधल्या माणसामार्फत दिलेल्या लाचेसाठीही कंपनीला धरू शकतात. सीमेन्सने सल्लागार आणि मधल्या लोकांमार्फत दिलेल्या पैशांच्या प्रकरणात 2008 मध्ये अमेरिका आणि जर्मनी मिळून सुमारे 160 कोटी डॉलर भरले. ती कंपनी ते भरून उभी राहिली, आपण नाही राहणार.

चांगला माणूस शोधायचा कसा, हे सगळ्यात जास्त विचारतात. प्रदर्शनात स्टॉल लावला की कार्डांचा ढीग जमतो, त्यातले निम्मे नुसते कार्ड गोळा करणारे. अमेरिकेचं वाणिज्य खातं तिथल्या निर्यातदारांना गोल्ड की नावाची सेवा देतं, निवडक लोकांशी मीटिंगा जुळवून देतं, बऱ्याच देशांच्या निर्यात संस्था असं काहीतरी करतात, तुमच्या देशाची काय आहे ते बघा, सुरुवातीला बरं पडतं. पण मला सगळ्यात उपयोगी पडलेला रस्ता उलटा आहे. त्या देशातल्या पाच-दहा गिऱ्हाइकांना फोन करायचा, तुम्ही पंपाचे स्पेअर कोणाकडून घेता आणि बंद पडल्यावर कोण येतं. जे नाव दोनदा-तीनदा येतं त्याच्याकडे जायचं. आमचा एजंट असाच मिळाला, त्याची वेबसाइट तर इतकी जुनी होती की मला वाटलं कंपनी बंद पडली असेल.

आता आमची मांडणी अशी आहे: मोठी गिऱ्हाइकं, मिल, पाण्याचे मोठे प्लांट, हे एजंटमार्फत आणि थेट बिल; छोटी गिऱ्हाइकं आणि सगळे स्पेअर डिस्ट्रिब्युटरकडे. ह्याच्यात दोघांची भांडणं होतात, हे अमक्याचं गिऱ्हाईक का तमक्याचं, म्हणून कराराला एक नावांची यादी जोडली आहे आणि ती दरवर्षी दोघांसमोर बसून बदलतो. एजंटला स्पेअरवर पण छोटं कमिशन ठेवलं, नाहीतर तो पंप विकून गायब होतो. वाद झाला तर आर्बिट्रेशन, म्हणजे कोर्टाऐवजी लवाद, कारण न्यूयॉर्क कन्व्हेन्शनमुळे, 1958 चं, तो निवाडा बहुतेक देशात अंमलात आणता येतो, आपल्या कोर्टाचा निकाल घेऊन परदेशात फिरण्यापेक्षा बरं. माल एक्स-वर्क्स (गिऱ्हाइकाने तुमच्या गेटवरून उचलायचा, पुढचं सगळं त्याचं) ऐवजी एफसीए (तुम्ही एक्सपोर्ट क्लिअर करून त्याच्या वाहतूकदाराला द्यायचा) वर द्या, म्हणजे एक्सपोर्टची कस्टम क्लिअरन्स तुमच्या हातात राहते आणि माल देशाबाहेर गेल्याचा कागद मिळवताना भीक मागावी लागत नाही.

कोणी घेऊ नये ही सेवा? ज्यांचा माल पार्सलने जातो, बसवायला माणूस लागत नाही, त्यांनी ऑनलाइन विकून बघावं आधी, मधल्या माणसाला द्यायला मार्जिन उरतच नाही तिथे. आणि ज्यांना वर्षातून एकदाही तिकडे जायला वेळ नाही त्यांनी पण नका घेऊ, कारण गोदामाच्या मागच्या भिंतीचा फोटो कोणी आपणहून पाठवत नाही.

सध्या एका नवीन देशातल्या डिस्ट्रिब्युटरशी बोलणं चालू आहे. माणूस चांगला आहे, स्वतःचे मेकॅनिक आहेत, मार्जिनवर एका कॉलमध्ये जमलं. गाडी अडलीये ती सेल-आउट रिपोर्टच्या कलमावर, तो म्हणतो तीन महिन्यांनी एकदा देतो, मी म्हणतो दर महिन्याला, आणि दोघंही ड्राफ्टमध्ये तेवढंच एक वाक्य लाल करून परत परत पाठवतोय.